तारामतीचा शोध

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात धुंडिराज गोविंद फाळक्यांनी काढलेल्या 'राजा हरिश्चंद्र'ची जी थोडी रिळं उरली आहेत, त्यांच्या सुरुवातीलाच एक घरगुती दृश्य आहे. राजा लहानग्या रोहिदासाला धनुष्यबाण शिकवतो आहे आणि राणी तारामती बाजूला उभी राहून कौतुकानं पाहते आहे. नऊवारीचा पदर, अंगावर दागिने, चेहऱ्यावर आईची माया. पण ही तारामती म्हणजे अण्णा साळुंके नावाचा पुरुष आहे. हातात असलेली रिळं १९१३च्या मूळ चित्रपटाची की फाळक्यांनी १९१७मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या प्रतीची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तारामती मात्र पुरुषच आहे, त्यात वाद नाही.

ते दृश्य पाहताना माझी नजर दर वेळी चौकटीबाहेर जाते. फाळक्यांचं चित्रीकरण उघड्यावर, सूर्यप्रकाशात चाले. नटांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून कुणीतरी पांढरी चादर ताणून तासन् तास उन्हात उभं राहावं लागे. हे काम करणाऱ्यांत फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. साळुंक्यांच्या तारामतीवर पडणारा उजेड बाईच्या हातून आलेला होता.

सरस्वतीबाईंबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण एरवी त्यांचा उल्लेख 'सहधर्मचारिणीची मोलाची साथ' एवढ्या एका वाक्यात आटोपतो. माहेरचं नाव गिरिजा करंदीकर. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातल्या. १९०२मध्ये धुंडिराज गोविंद फाळक्यांशी लग्न झालं. १९११च्या ईस्टरच्या सुमारास फाळक्यांनी गिरगावच्या तंबूत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि ते झपाटले. त्यांनी बायकोलाही तो चित्रपट दाखवायला नेलं. पुढचे महिने घरातली एकेक वस्तू विकली गेली, विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. १९१२च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र विकत घेऊन आले. त्या काळी कच्ची फिल्म भोकांशिवाय येई. अंधाऱ्या खोलीत बसून तिच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर भोकं पाडावी लागत. एक भोक चुकलं की पडद्यावरचं चित्र उडायचं. हे काम सरस्वतीबाई रात्री करत, दिवसभराचा रगाडा उरकल्यावर. रसायनं कालवणं आणि फिल्म धुणं त्या शिकल्या. दादर मेन रोडवरच्या मथुरा भवनात जमलेल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. पैसे कमी पडले तेव्हा अंगावरचे दागिने त्यांनी काढून दिले.

आज आपण संकलन साहाय्यक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, प्रकाशयोजना, निर्मिती व्यवस्था अशा वेगवेगळ्या पाट्या लावतो. १९१२-१३ साली दादरला ही सगळी पदं मिळून एक बाई होती. भारतीय चित्रपटात स्त्री पहिल्या दिवसापासून आहे, पण कुठे, याचं उत्तर या घरात सापडतं.

तारामतीचं काम करायला कुणी मिळेना तेव्हा फाळक्यांनी सरस्वतीबाईंनाच विचारलं होतं, असं सांगतात. त्यांनी नकार दिला. मी तारामती झाले तर बाकीचं कोण बघणार, हा त्यांचा सवाल होता. मला हा नकार लाजेचा वाटत नाही. आपल्या हातावर काय काय चाललं आहे याचा पक्का हिशेब त्यांच्याजवळ होता.

फाळक्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. पुरुष आले, बायका आल्या नाहीत. मग ते वेश्यावस्तीत गेले. तिथल्या बायकांनीही नकार दिला. एक बाई तयार झाली, दोन-चार दिवस तालमीलाही आली, पण तिला ठेवणारा माणूस येऊन तिला घेऊन गेला, अशी हकीकत चरित्रकारांनी नोंदवली आहे. ज्यांना समाजानं अब्रू नाकारली होती त्यांनाही हे काम अब्रूला कमी वाटावं, यावरून तेव्हाचं वातावरण कळतं. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत अण्णा साळुंके दिसले. सडपातळ अंगाचे, नाजूक हातांचे. तिथे त्यांना महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. मिशी काढायलाही बरीच मनधरणी करावी लागली म्हणतात, कारण बाप जिवंत असताना मिशी उतरवत नसत. राणीच्या दासीही पुरुषच होते. कारंज्यापाशी जलक्रीडेचं दृश्य घेतलं, तेव्हा ओल्या लुगड्यांत हुंदडणारे सगळे पुरुष होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांनी हे सारं पाहिलं आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

वाटणार कसं? त्यांचे डोळे नाटकानं घडवले होते. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. त्यानंतर भाऊराव कोल्हटकरांनी आणि मग बालगंधर्वांनी बाईचं सौंदर्य कसं असतं हे मराठी माणसाला शिकवलं. बालगंधर्वांचा पदर, त्यांची लाजण्याची तऱ्हा, लुगड्याचा काठ हे घरोघरच्या बायकांनी उचललं. बाईपणाचा आदर्श पुरुषाच्या अंगावरून घ्यायचा, ही सवय इतकी खोल होती की पडद्यावर साळुंके आले तेव्हा प्रेक्षकाला काही नवीन करावं लागलं नाही. बालगंधर्वांच्या कलेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ते दागिने, ते सूर कुणी कमी करू शकत नाही. पण त्या कलेला एवढी जागा मिळाली ती खऱ्या बाईला रंगमंचावर यायला मज्जाव होता म्हणून, हेही त्याच दमात म्हणायला हवं. 'तोंडाला रंग फासला' हे शब्द बाईबद्दल निघाले की ती शिवी होती. पुरुषानं तोच रंग लावला की लोक तिकिटासाठी रांग लावत.

१९१३मध्येच ही तटबंदी एकदा फुटली.

दुर्गाबाई कामत नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या होत्या. कमला नावाची मुलगी पदरात. एकट्या बाईनं पोट भरायचे मार्ग तेव्हा मोजकेच होते. घरकाम, नाहीतर त्याहून वाईट काही. दुर्गाबाई नाटकाकडे वळल्या आणि फिरत्या कंपनीबरोबर गावोगाव जाऊ लागल्या. मुलगी त्या बैलगाड्यांत आणि तंबूंतच वाढली, लहानपणापासून काम करू लागली. समाजानं त्यांना वाळीत टाकलं. फाळके आपला कारखाना नाशिकला हलवून 'मोहिनी भस्मासुर' काढत होते तेव्हा त्यांनी या मायलेकींना चित्ताकर्षक नाटक मंडळीतून बोलावलं. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांची कमला मोहिनी. भारतीय पडद्यावर अवतरलेल्या या पहिल्या स्त्रिया.

कथा तरी कुठली निवडली होती! मोहिनी म्हणजे विष्णूनं घेतलेलं बाईचं रूप, भस्मासुराला नाचवून त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावणारं. पुरुषानं बाई व्हायची ही पुराणकथा, आणि नेमक्या याच कथेत पहिल्यांदा खऱ्या मुलीनं ते रूप घेतलं. फाळक्यांनी हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना नाचणारी हवी होती आणि कमलाला नाचता येत होतं.

वाट एकदा मोकळी झाली, आता बायका येत राहतील, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. १९१७मध्ये 'लंकादहन' आला. त्यात सीता झाले अण्णा साळुंके, आणि रामही अण्णा साळुंकेच. एकाच माणसानं नवराबायको दोघं रंगवली. चित्रपट तुफान चालला. मुंबईत लोक चपला काढून बसत, अशा आठवणी आहेत. म्हणजे १९१३मध्ये पडद्यावर बाई आली ती प्रथा म्हणून आली नव्हती. एका बाईची गरज आणि एका माणसाची अडचण यांची तेवढ्यापुरती गाठ पडली होती. ती सुटली आणि स्त्रीपार्टी करणाऱ्या पुरुषांची जुनी व्यवस्था परत आली. १९१९च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांनी आपल्याच मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. सात-आठ वर्षांच्या त्या पोरीचा कृष्ण आजही त्या चित्रपटाचा प्राण आहे. लहान मुलगी कृष्ण होऊ शकत होती, मोठ्या बाईला सीता होता येत नव्हतं.

साळुंक्यांचं पुढे काय झालं हेही सांगण्यासारखं आहे. त्यांनी कॅमेरा हाती घेतला, विसाच्या दशकात फाळक्यांच्या चित्रपटांचं छायाचित्रण केलं. खानावळीतून आलेला माणूस राणी झाला आणि राणीचा छायाचित्रकार झाला. गुणी होते, यात शंका नाही. फक्त असं वाटतं, फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सगळं येत असलेली एक बाई त्याच घरात होती. तिच्या हातात कॅमेरा द्यावा हे कुणाला सुचलं नाही. कदाचित तिलाही नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी वेगळा हट्ट धरला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 'सैरंध्री'साठी त्यांना खऱ्या बायकाच हव्या होत्या. १९२० साली आलेल्या या चित्रपटात गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी काम केलं. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. जातीनं दोघींना बाहेर काढलं. गावात राहणं अवघड झालं तेव्हा स्टुडिओच्या आवारातच त्यांना आसरा द्यावा लागला. चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमाकेसरी' म्हटलं. पेंटरांना पदवी मिळाली. त्या दोघी आपलं घर गमावून स्टुडिओतल्या खोलीत राहिल्या, आणि चित्रपटाच्या इतिहासात त्यांची खरी नावं एखाद्या ओळीत येऊन जातात.

मुंबईच्या स्टुडिओंनी यावर दुसरा उपाय शोधला. ज्यांच्या घरी 'लोक काय म्हणतील' याचा जाच तितका नव्हता अशा अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुली पुढे आल्या. रूबी मायर्स 'सुलोचना' झाली, रेनी स्मिथ 'सीतादेवी'. पौराणिक सती आणि राजकन्या त्यांनीच रंगवल्या. मूकपटाला भाषा नव्हती म्हणून हे जमून गेलं. पण नाव मात्र हिंदूच लागे. बाई परक्या घरची चालली, तिचं नाव आपल्या घरचं हवं.

याच दशकात फातिमा बेगम यांनी जे केलं ते फार मोठं आहे. १९२२च्या 'वीर अभिमन्यू'मधून त्या पडद्यावर आल्या आणि चारच वर्षांत, १९२६मध्ये, स्वतःची फातिमा फिल्म्स काढून 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक. परीकथा होती, कॅमेऱ्याच्या करामती होत्या. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. त्यांची मुलगी जुबेदा १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात झळकलेल्या 'आलम आरा'ची नायिका होती, हे पुष्कळांना ठाऊक असतं. आईनं कॅमेऱ्यामागे उभं राहून चित्रपट घडवला होता, हे फार थोड्यांना.

मग पडदा बोलू लागला आणि सगळं पुन्हा हललं. आता तारामतीला बोलावं लागणार होतं, शुद्ध बोलावं लागणार होतं, गावंही लागणार होतं.

गिरगावातल्या लाड सॉलिसिटरांची मुलगी, कॅथेड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, खोट्यांच्या घरी दिलेली. माहेरची विटा लाड, आपल्याला माहीत असलेल्या दुर्गा खोटे. सासरची आर्थिक घडी विस्कटली, दोन लहान मुलं होती, मिळवतं होणं भाग होतं. १९३१मध्ये त्यांनी 'फरेबी जाल' नावाच्या चित्रपटात छोटंसं काम केलं. चित्रपट सुमार होता, आणि सुशिक्षित घरातली सून पडद्यावर दिसली म्हणून गहजब झाला. त्यांच्या जागी दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती. पण कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचे व्ही. शांताराम त्यांना शोधत आले, आणि त्यांनी पुढे केलेली भूमिका होती तारामतीची.

'अयोध्येचा राजा' १९३२मध्ये आला. पहिला मराठी बोलपट म्हणून आपण तो ओळखतो. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होते, संगीतही त्यांचंच. बाबूराव पेंटरांकडे तालीम घेतलेली मंडळी प्रभातची भागीदार होती, त्यामुळे कोल्हापूरचा तो जुना हट्ट इथे पुरा झाला असं म्हणता येईल. आणि गोष्ट तीच होती, एकोणीस वर्षांपूर्वी जिच्यासाठी बाई मिळाली नव्हती ती. दुर्गा खोट्यांची तारामती ताठ उभी राहते. तिचा आवाज भारदस्त आहे. लिलावाच्या बाजारात ती उभी असते तेव्हा तिच्या डोळ्यांत याचना कमी आणि संताप जास्त आहे, असं मला प्रत्येक वेळी जाणवतं. स्त्रीपार्टी करणारा पुरुष बाईचं दुःख सुंदर करून दाखवी. या बाईनं ते जड करून दाखवलं. ज्यांनी 'फरेबी जाल'वर नाकं मुरडली होती, तेच लोक आता घरातल्या बायकांना घेऊन प्रभातचं चित्र पाहायला जाऊ लागले. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९३३ला, 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या आणि मराठी रंगभूमीवरची स्त्रीपार्टीची परंपरा उतरणीला लागली. या बाबतीत नाटकानं सिनेमाला शिकवलं, असं आपण समजतो. इथे क्रम उलटा आहे.

दुर्गा खोटे कुठल्या एका कंपनीच्या महिनेवारी नोकरीत अडकून राहिल्या नाहीत. १९३६च्या 'अमरज्योती'मध्ये त्या समुद्रावर राज्य करणारी सौदामिनी झाल्या. हातात तलवार आणि राजसत्तेशी वैर. १९३७मध्ये 'साथी' हा चित्रपट त्यांनी स्वतः काढला आणि दिग्दर्शितही केला.

त्याच साली प्रभातचा 'कुंकू' आला. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, सावत्र मुलाला छडीनं फोडते. ही नीरा होती शांता आपटे. नीरेची बाजू घेणाऱ्या सुशिक्षित मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं. त्या रँग्लर परांजप्यांच्या कन्या, आणि संततिनियमनासाठी खरोखर घरोघर फिरणाऱ्या. बाईचं म्हणणं पडद्यावर इतक्या स्पष्टपणे त्याआधी कुणी मांडलं नव्हतं, आणि नंतरही बरीच वर्षं मांडलं नाही.

पण पडद्यावर नकार देणारी नीरा स्टुडिओच्या दारात आली की पगारदार नटी होती. १९३९च्या जुलैत शांता आपटे कंपनीशी झालेल्या करारातल्या वादावरून पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. देशातली नावाजलेली नायिका, स्टुडिओच्या दाराशी, अन्न सोडून. पुढच्या वर्षी त्यांनी एक पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' नावातच प्रश्नचिन्ह आहे. घरातल्या मुली वडिलांना विचारत तो प्रश्न. उत्तर देताना त्यांनी चमचमाट बाजूला ठेवला आणि पैसा, करार, राबवून घेणं यांबद्दल लिहिलं. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलीला एखाद्या नटीनं इतकं खरं सांगावं, हे त्या काळात दुर्मीळ होतं. पुस्तक आज सहजी मिळत नाही, ही मला खंत आहे.

चेहऱ्याला जागा मिळाली, पण कॅमेऱ्यामागच्या कामांत बाईला शिरकाव मिळायला किती काळ गेला याचं एकच उदाहरण देतो. हिंदी चित्रपटसृष्टीतल्या रंगभूषाकारांच्या संघटनेनं पन्नासहून अधिक वर्षं स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून काम करू दिलं नाही. केस करा, चेहऱ्याला हात लावायचा नाही. चारू खुराना या रंगभूषाकार सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयानं हा नियम घटनाविरोधी ठरवला. तोंडाला रंग लावण्यापासून इथली गोष्ट सुरू झाली होती. दुसऱ्याच्या तोंडाला रंग लावण्याचा हक्क बाईला मिळाला तेव्हा 'राजा हरिश्चंद्र'ला एकशे एक वर्षं झाली होती.

१९१३ची ती तेरा वर्षांची मोहिनी पुढे कमलाबाई गोखले झाली. रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं. तरुणपणीच वैधव्य आलं, मुलं लहान होती. ती पुन्हा बोर्डावर उभी राहिली, आणि नाटकांत पुरुष भूमिकाही करू लागली. तिचा मुलगा चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले ही नावं मराठी माणसाला सांगावी लागत नाहीत. 'मोहिनी भस्मासुर'ची प्रत मात्र उरली नाही. अण्णा साळुंक्यांची तारामती आज आपण पाहू शकतो. पार्वती झालेली दुर्गाबाई आणि नाचणारी कमला आपल्याला कधीच दिसणार नाहीत.

१९९२मध्ये रीना मोहन या दिग्दर्शिकेनं 'कमलाबाई' नावाचा माहितीपट केला. नव्वदीच्या उंबरठ्यावरची बाई पुण्यातल्या आपल्या घरात, अधू नजरेनं वावरते आहे, जुने संवाद म्हणून दाखवते आहे, मध्येच रागावते आहे, हसते आहे. समोर कॅमेरा आहे याचं तिला काही वाटत नाही. सवयीचा आहे तो तिला.